तोरण लागण्याआधी

गेल्या श्रावणात एके दिवशी पहाटे सहाला बंगळूरहून लेकीचा फोन आला. इतक्या लवकर फोन म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. ती कुजबुजत म्हणाली, "आई, दोन रेषा आल्या." कसल्या रेषा हे मला आधी कळेचना. कळलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, आणि मी तिथल्या तिथे णमोकार म्हटला. तेवढ्यात तिचं पुढचं वाक्य आलं, "पण कुणाला सांगू नकोस हं. तीन महिने होईपर्यंत कुणालाच नाही. इकडे सासूबाईंनाही अजून सांगितलं नाही."

"बरं," म्हणून मी फोन ठेवला. दूध तापत ठेवलं, पण मन तिथेच अडकलं. तीन महिने! १९९३ साली मलाही हेच सांगितलं होतं. माझ्या सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंनी सांगितलं होतं. शेजारच्या लिंगायत आजी कानडीत तेच सांगायच्या. नियम सगळ्यांना पाठ, पण तो कुणी केला आणि कशासाठी, हे कधी कुणी विचारलं नाही. मी इतिहास घेऊन बी.ए. झालेली बाई. पदवी कपाटात पडून राहिली तरी खोड गेलेली नाही. त्या दुपारी जेवणं उरकल्यावर मी पुराणांची बाडं खाली काढली.

मैत्रिणींनो, आपल्या हुबळीपासून गाडीने तासाभरावर बंकापूर आहे. आता ते हावेरी जिल्ह्यात येतं. १९९७ पर्यंत आपल्याच धारवाड जिल्ह्यात होतं. मोरांचं गाव म्हणून आपण मुलांना तिथे नेतो. पण आपल्या दृष्टीनं त्या गावाचं मोल वेगळंच आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याचे गुरू आचार्य जिनसेन यांनी आदिपुराण लिहायला घेतलं. ते अपुरं राहिलं आणि आचार्य गेले. त्यांचे शिष्य गुणभद्र यांनी उरलेला भाग आणि पुढचं उत्तरपुराण लिहून काम तडीस नेलं. शके ८२०, म्हणजे इसवी सन ८९८ च्या सुमारास, बंकापुरात या ग्रंथाची पूजा झाली अशी नोंद ग्रंथाच्या शेवटीच आहे. पुढे ९४१ साली कवी पंपानं तीच कथा कानडीत आणली, आणि त्याचं आजोळचं नातं सांगतात ते आपल्या अण्णिगेरीशी. तेव्हा हे पुराण कुठल्या दूरदेशीचं नव्हे, आपल्या अंगणातलंच आहे.

त्यात आदिनाथांची आई मरुदेवी गर्भवती असल्याचं वर्णन आहे. ते वाचताना मी थबकले. आचार्य सांगतात की तिच्या पोटात काही फरक पडला नाही, स्तनांची अग्रं काळी पडली नाहीत, चेहरा फिकट झाला नाही, आणि तरीही गर्भ वाढत होता, हेच नवल. तीर्थंकरांची आई ती. तिला त्रास कसा होईल, असा त्यातला भाव. पण बाईच्या नजरेनं वाचा. काय काय झालं नाही ते सांगताना आचार्यांनी बाकी सगळ्या बायकांना काय काय होतं त्याची यादीच दिली आहे! अकराशे वर्षांपूर्वी, घरदार सोडलेल्या एका मुनींना हे ठाऊक होतं. आणि ते लिहिण्यात त्यांना काही अमंगळ वाटलं नाही.

ही यादी वैद्यांच्या ग्रंथांशी बरोबर जुळते. सुश्रुतसंहितेत गर्भ राहिल्याची पहिली लक्षणं दिली आहेत: थकवा, मलूलपणा, तहान, मांड्या गळून जाणं. मग पुढची: स्तनाग्रं काळी होणं, पोटावर लवेची रेघ उठणं, पापण्या मिटू मिटू होणं, मनात नसताना उलटी होणं, तोंडाला पाणी सुटणं. आणि एक लक्षण तर मला फारच खरं वाटलं, ते म्हणजे चांगल्या वासाचाही वीट येणं. घाण वासाचं कुणीही समजून घेतं. पण मोगऱ्याच्या गजऱ्यानं मळमळलं असं सांगितलं तर घरचे म्हणतात, नखरे करते. धारवाडच्या लाईन बाजारातला खव्याचा तो खमंग वास, ज्यासाठी लोक लांबून येतात, त्या वासानं मी पदर नाकाला लावून पळत सुटले होते. सुश्रुतांना माझं खरं वाटलं असतं.

आता तीन महिन्यांकडे येते. आदिपुराणात श्रावकाच्या घरी करायच्या ५३ गर्भान्वय क्रिया सांगितल्या आहेत. पहिली आधान, म्हणजे गर्भधारणेच्या आधीची. दुसरी प्रीती. तिचं नावच किती गोड! ती तिसऱ्या महिन्यात करायची. जिनपूजा झाल्यावर दाराला तोरण बांधायचं, दोन पूर्णकुंभ मांडायचे, आणि त्या दिवसापासून ऐपतीप्रमाणे रोज भेरी नि घंटा वाजवायची. पाचव्या महिन्यात सुप्रीती, सातव्यात धृती, नवव्यात मोद. आपल्या डोहाळजेवणाचे नि इकडच्या 'कुबसा'चे हे जुने सोयरेच म्हणायचे.

म्हणजे तिसऱ्या महिन्यात अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी भेरी. पण आधान आणि प्रीती यांच्या मध्ये काय? तिथे काहीच नाही. ज्या दिवसांत बाईचं अंग सगळ्यात जास्त पालटतं, त्याच दिवसांत घराच्या दारावर कसलीही खूण नाही. कारण उघड आहे. त्या काळात पोट दिसायच्या आधी खात्री देणार कोण? आणि पुष्कळदा तिसऱ्या महिन्याच्या आतच सगळं संपायचं. भेरी वाजवून मग गप्प बसण्यापेक्षा आधी गप्प बसलेलं बरं, हे व्यवहाराचं शहाणपण. पण 'आत्ताच सोहळा नको' याचं 'आत्ताच बोलायचंही नाही' असं कधी झालं, ते आपल्यालाही कळलं नाही. मी जे वाचलं त्यात सोहळ्याला मुहूर्त होता, गप्प बसण्याचा विधी मला कुठे सापडला नाही.

उलट आपल्या कथांतली पहिली आई पहिल्याच दिवशी बोलते. आषाढ शुद्ध षष्ठीला त्रिशलामातेनं सोळा स्वप्नं पाहिली. आपण दिगंबर सोळा म्हणतो, श्वेतांबर चौदा. ती उठली आणि सरळ जाऊन राजाला सांगती झाली. कुठल्याही पंचकल्याणकात पहिला दिवस गर्भकल्याणकाचा. मंडपात आईचा मान घेतलेली बाई, बहुधा आमच्यासारखी पन्नाशीची कुणी काकू, मंचावर डोळे मिटून निजते, मुली स्वप्नांची चित्रं घेऊन समोरून जातात आणि देवकन्या तिची सेवा करतात. आदिपुराणात तर देवी मरुदेवीला कोडी घालून तिचं मन रमवतात. आपण हे सगळं भक्तीनं पाहतो. पण त्यातली साधी गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही की गर्भारशीजवळ बसायला, बोलायला, तिला हसवायला कुणीतरी असावं.

मनाचं काय होतं हेही जुन्या कथांनी लपवलेलं नाही. वैद्य म्हणतात, गर्भिणीच्या देहात दोन हृदयं असतात, तिचं आणि बाळाचं, म्हणून तिच्या इच्छा दोघांच्या. चरक हे तिसऱ्या महिन्यात सांगतात, सुश्रुत चौथ्या. संस्कृतातला दोहद तोच प्राकृतातला दोहळ, आणि आपले डोहाळे. इकडे कानडीत त्याला 'बयके' म्हणतात. श्वेतांबर आगमांत धारिणी राणीची गोष्ट येते. तिसऱ्या महिन्यात तिला अवेळी पावसात फिरावंसं वाटलं. ऋतू नाही, ढग नाहीत, सांगायचं कसं? ती सुकत चालली. शेवटी दासींनी राजा श्रेणिकाला कळवलं आणि अभयकुमारानं देवाच्या मदतीनं ढग आणवले. दुसरी गोष्ट चेलना राणीची, आणि ती अंगावर काटा आणणारी आहे. तिला नवऱ्याच्या काळजाचं मांस खावंसं वाटलं! श्रेणिकाला धर्माकडे वळवणारी ती राणी, आणि तिच्या मनात हे. तीही लाजेनं झिजू लागली. गोष्टीत तिला कुणी राक्षसीण म्हणत नाही. राजा पुन्हा पुन्हा विचारतो, अभयकुमार युक्तीनं तोड काढतो. मुंगीलाही जपणाऱ्या आपल्या परंपरेनं ही गोष्ट जपून ठेवली, कारण या दिवसांत मनात काहीही येऊ शकतं, भीती, राग, नकोसं वाटणं, हे त्या लोकांनी पाहिलेलं असणार.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ती माझ्या केशवापुरातल्या गुजराती मैत्रिणीनं पर्युषणात सांगितली. कल्पसूत्राप्रमाणे महावीर आधी देवानंदा ब्राह्मणीच्या उदरी आले. ८२ दिवस तिथे राहिले आणि ८३ व्या रात्री हरिणेगमेषी देवानं तो गर्भ त्रिशलेच्या उदरी ठेवला. आपण दिगंबर हे गर्भांतर मानत नाही, आणि त्यावर वाद घालायला मी बसलेली नाही. पण श्रद्धा किती जुनी आहे पाहा. मथुरेच्या कंकाली टीला इथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं एक कोरीव शिल्प मिळालं. त्यावर 'भगवान नेमेष' असं नाव कोरलेलं आहे, आणि अनेक अभ्यासकांनी त्यात याच प्रसंगाचं चित्र पाहिलं आहे. ते आता लखनौच्या संग्रहालयात आहे.

मी त्या ८२ या आकड्याशी अडखळले. दोन महिने वीस-बावीस दिवस, म्हणजे तीन महिने भरायच्या जरासंच आधी. त्रिशलेकडे उत्सव झाला. पण देवानंदेचं काय झालं? मी मैत्रिणीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, भगवतीसूत्रात आहे की पुढचं." पुष्कळ वर्षांनी महावीर तिच्या गावी आले. देवानंदा नवऱ्याबरोबर प्रवचनाला गेली. त्यांना पाहताच तिचे डोळे भरून आले, चोळी तटतटली आणि स्तनांतून दूध पाझरलं. गौतमस्वामींनी चकित होऊन कारण विचारलं. महावीर म्हणाले, ही माझी आई, मी हिचा मुलगा.

हे ऐकलं तेव्हा माझ्या हातातला चहा गार झाला. मैत्रिणीला मी काही बोलले नाही. इथे लिहिते.

१९९३ चा भाद्रपद. लग्नाला वर्ष झालेलं, मी चोवीस वर्षांची. पाळी चुकून महिना होऊन गेला होता. डोकं सकाळी उशीवरून उचललं की पोट ढवळायचं. आमच्या घरी देवदर्शन झाल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही, आणि त्यात दशलक्षण पर्व. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी मी देवळाच्या पायरीवर बसूनच राहिले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण रात्री माझ्या उशाशी स्टीलच्या डब्यात कोरडे चुरमुरे ठेवलेले होते. "उठायच्या आधी चार दाणे तोंडात टाक," म्हणाल्या. मी म्हटलं, "दर्शनाआधी?" तर म्हणतात, "देवळात चक्कर येऊन पडलीस तर कुणाला पुण्य लागणार आहे? खा की गं आधी." आणि मग, "तिसरा सरेपर्यंत कुणाला बोलू नकोस हं."

त्या काळी हुबळीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. आलं की घरातल्या सगळ्यांनी बिंदग्या भरून जिन्यानं वर न्यायच्या. घरात दीर, जावा, भाचरं. कुणाला माहीत नाही तर मला कोण 'राहू दे' म्हणणार? मीही नेल्या. अकराव्या आठवड्यात एका रात्री सगळं संपलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "होतं असं, तरुण आहात." घरी तीन दिवसांचं सुतक पाळलं, जितके महिने तितके दिवस. चौथ्या दिवशी न्हाऊन मी स्वयंपाकघरात उभी राहिले. कुणाला सांगितलंच नव्हतं, म्हणून भेटायलाही कुणी आलं नाही. शेजारच्या आजींना काय ते उमगलं असावं. माझ्या पाठीवर हात ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, "होगली बिडव्वा." जाऊ दे बाई. तेवढ्या दोन शब्दांवर मी तो महिना काढला. मनात मात्र एकच घोळत राहिलं, त्या बिंदग्या. मी नेल्या म्हणून झालं. हे कुणाला विचारायची सोय नव्हती, कारण मुळात काही घडलंच नव्हतं.

याबाबत नंतरच्या काळानं काय शोधलं तेही सांगते. मराठी बाईनं या विषयावर पहिल्यांदा डॉक्टर म्हणून लिहिलं ते १८८६ साली. आनंदीबाई जोशींनी अमेरिकेत पदवीसाठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय आर्य हिंदूंचं प्रसूतिशास्त्र हाच होता. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं होतं. शिकायचं का ठरवलं, ते वेगळं सांगायला नको. पुढे १९२८ च्या सुमारास बर्लिनच्या अॅशहाइम आणि झोंडेक या डॉक्टरांनी बाईच्या लघवीवरून गर्भ ओळखण्याची चाचणी काढली. ती लघवी उंदरांच्या पिल्लांना टोचायची आणि काही दिवसांनी त्यांना मारून आत पाहायचं. बाईची गोड बातमी अशी जीव घेऊन यायची, हे वाचून मला कसंसंच झालं. मग बेडूक आले, ते निदान जिवंत राहायचे. आज कागदाच्या पट्टीवर एचसीजी नावाचा तोच गर्भाचा संप्रेरक पाच मिनिटांत दिसतो. लेकीच्या त्या दोन रेषा म्हणजे ह्याच. मळमळीचं म्हणाल तर, १०० पैकी ७० ते ८० बायकांना ती होते, सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते आणि बहुतेकींची चौथ्या महिन्यापर्यंत उतरते. २०२३ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की गर्भाकडून येणारं जीडीएफ१५ नावाचं एक प्रथिन यामागचं मोठं कारण आहे. तेव्हा हे नखरे नव्हेत.

आणि गर्भ जाण्याबद्दल. कळून आलेल्या गर्भांपैकी १०० त १० ते २० असे जातात, बहुतेक पहिल्या १२ आठवड्यांतच. त्यातल्या सुमारे निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांचीच जुळणी चुकलेली असते. ते कुणाच्या उचलण्यानं, चालण्यानं, रडण्यानं झालेलं नसतं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चाळिशी ओलांडली होती. पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. सतरा वर्षं मी त्या बिंदग्या मनात वाहत होते.

दुसरी एक गोष्ट मला कुणी तेव्हा सांगितली नव्हती. बाळाच्या मेंदूची नि पाठीच्या कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. पुष्कळ बायकांना तोवर दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. म्हणून डॉक्टर फोलिक अॅसिडची गोळी, रोज ४०० मायक्रोग्रॅम, आधीपासूनच घ्यायला सांगतात. ज्या दिवसांत आपण तोंड मिटून बसतो, तेच दिवस सगळ्यात नाजूक.

मी त्या संध्याकाळी लेकीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं ती घाबरेल. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे मी पहिली नव्हे?"

"नव्हेस गं."

"आणि बाबांना काय वाटलं होतं तेव्हा?"

मला उत्तर देता येईना. मी कधी विचारलंच नव्हतं. रात्री जेवताना ह्यांना विचारलं. ते ताटाकडे बघत म्हणाले, "खाली हौद बांधून वर मोटर बसवली ती कधी, आठवतं काय तुला? त्याच दिवाळीच्या आत. घरी सगळे म्हणत होते, एवढा खर्च कशाला." एवढं बोलून उठले आणि हात धुवायला गेले.

मैत्रिणींनो, तोरण तिसऱ्या महिन्यातच बांधा, भेरी तेव्हाच वाजू दे. त्याला माझं काही म्हणणं नाही. पण घरात कुणी सकाळी उशिरा उठू लागली, फोडणीच्या वासानं बाहेर जाऊ लागली, तर तिला हळूच विचारा. उपास, एकाशन, रात्रीचं न खाणं याबद्दल तिला एकटीला ठरवायला लावू नका. डॉक्टरांना विचारा आणि घरातल्या मोठीनं आपण होऊन सांगा की आत्ता राहू दे. आणि काही विपरीत झालंच तर तीन दिवसांनी तिला स्वयंपाकघरात धाडून मोकळ्या होऊ नका. देवानंदेचे ८२ दिवस तिच्या देहानं किती वर्षं जपले होते, ते आठवा.

दुसऱ्या दिवशी लेकीनं सासूबाईंना सांगितलं. त्यांनी काय केलं असेल? रात्री तिच्या उशाशी वाटीभर राजगिऱ्याच्या लाह्या ठेवल्या. तिनं मला फोटो पाठवला. मी तो सासूबाईंच्या तसबिरीसमोर धरला आणि म्हटलं, "बघा, तिकडेही कुणीतरी आहे."